अस्पर्शित मोटारींचा दरबार

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कारखान्यातून निघालेल्या ‘डिंकी’ या खेळण्यातल्या मोटारी, आणि १९५६ पासून खिडक्यांना पारदर्शक तावदाने बसवून त्यांच्याशी स्पर्धा मांडणाऱ्या ‘कॉर्गी’ मोटारी, या वस्तुतः इंग्लंडातील पोरांनी जमिनीवर लोळत एकमेकींवर आदळाव्यात याच हेतूने जस्ताच्या मिश्रधातूत ओतल्या गेल्या होत्या. परंतु तीच पोरे पेन्शनीत निघाल्यावर हे जिन्नस लिलावात सोडवू लागली, तेव्हा जिला कोणत्याही बालकाचा हात लागलेला नाही, त्या मोटारीलाच दरबारात पहिला मान मिळू लागला. मूळ पुठ्ठ्याची पेटी ही तिच्या कुलीनतेची सनद. ती गहाळ असेल तर मोटार कितीही सुलक्षणी असो, तिची गणना बेवारस मालात होते.

१९६५ साली कॉर्गीने जेम्स बाँडची अॅस्टन मार्टिन काढली, तिच्यात कळ दाबताच आसनावरील इसम छतातून उडून जाई. संग्राहकाच्या काचेच्या कपाटात मात्र, उडणे हेच ज्याचे एकमेव जीवितकार्य, तो इसम हरवू नये म्हणून आसनावरच जन्मठेप भोगत असतो.

तात्पर्य, बाल्याच्या स्मृतींचे जतन करण्याच्या या थोर उद्योगात सर्वांत उपद्रवी प्राणी म्हणून बालकाचीच नोंद होते, आणि नातवंडे येण्याची वर्दी मिळताच प्रथम कपाटाला कुलूप लागते.