सुईच्या अग्रावर राहील एवढं ज्ञान

शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक इंजिन 1955 साली जन्मलं आणि पुढे त्याला जी भावंडं झाली ती सगळी एकाच चेहऱ्याची. 283, 302, 327, 350. हे घनइंचांचे आकडे, पण बाहेरून बघून सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. शेवटच्या तिघांचा तर सिलिंडरचा व्यासही एकच, चार इंच. फरक सगळा पोटात, म्हणजे क्रँकशाफ्ट पिस्टनला किती खालीवर नाचवतो त्यात. तो स्ट्रोक 3 इंच, 3.25 की 3.48, त्यावर घराणं ठरतं. त्यातलं 302 तर 1967 च्या कॅमरो झेड-28 साठी मुद्दाम घडवलं, कारण ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत पाच लिटरच्या वर मज्जाव होता.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, तीच गोची झाली. मिशिगनमध्ये राहायचं, पोटासाठी संगणक बडवायचा आणि मोटारींविषयी मात्र गप्प बसायचं, हे डेट्रॉइटच्या आसपास शोभत नाही. गॅरेजात 1970 ची नोव्हा होती, बॉनेटखाली नुसती पोकळी. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एक इंजिन दिसलं. विकणारा म्हणाला, "350."

इंजिनाच्या मागच्या कडेला, जिथे गिअरबॉक्स जोडतात तिथे, ओतीव आकडा असतो. फडक्याने पुसून वाचायचा, एवढी सोपी रीत. पण मी वाचलं होतं की 3970010 हा एकच आकडा दोन बोल्टच्या आणि चार बोल्टच्या मेन कॅपवाल्या, दोन्ही ब्लॉकवर सापडतो. ऑइल पॅन काढल्याशिवाय खरं कळत नाही. तेव्हा आकड्यांवर विसंबतात ते नवशिके, असं ठरवून मी पैसे मोजले.

घरी आल्यावर स्पार्क प्लग काढला, त्या भोकातून बायकोची विणकामाची सुई पिस्टनवर टेकवली आणि पान्याने क्रँक फिरवला. पिस्टन खाली, सुई खाली. खुणा केल्या. स्मॉल-ब्लॉकला प्लग तिरके बसतात, त्यामुळे सुईही तिरकी. म्हणून कोसाइन लावला. उत्तर आधीच ठरलेलं असलं की कोसाइन फार सहकार्य करतो. आलं बरोब्बर 3.48. साडेतीनशेच! आनंदाच्या भरात खातरजमा म्हणून आणखी एक फेरा दिला, तर आतून 'कट्ट'. सुई वाकून अडकली. ना वर, ना खाली.

"अहो, माझी दहा नंबरची सुई पाहिलीत का?"

"कामात आहे," मी ओरडलो.

सुईसाठी सिलिंडर हेड काढणं आलं. म्हणजे आधी इनटेक मॅनिफोल्ड, मग रॉकर, पुशरॉड आणि शेवटी सतरा गंजके बोल्ट. समोरच्या घरातले म्हातारबुवा, ज्यांचा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेला, ते स्वतःची खुर्ची घेऊनच आले. हेड उचललं. वाकडी सुई निघाली. तिच्याखालचा पिस्टन मला जरा अंग चोरून बसल्यासारखा वाटला. व्हर्नियर लावला, 94.9 मिलिमीटर. चार इंच म्हणजे 101.6. पुन्हा लावला. व्हर्नियर कोसाइनसारखा मनमिळाऊ नसतो.

म्हातारबुवा उठले, खिशातल्या फडक्याने मागची कडा पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि "तीनशे पाच," एवढं पुटपुटून परत बसले.

305. मसल कारची सद्दी संपल्यावर, 1976 साली आलेलं. स्ट्रोक थेट 350 चाच, सिलिंडर तेवढा बारीक, 3.736 इंच. इतका बारीक की मोठे व्हॉल्व्ह बसवायचे तर जागा नाही. आणि मी मोजून मोजून नेमकं तेच मोजलं होतं जे दोघांत सारखं!

दुसरं घ्यायला पैसे उरले नव्हते. मग त्यालाच शेव्हरोलेचा नारिंगी रंग फासला, वर क्रोमचा एअर क्लीनर चढवला आणि त्यावर 350 चा स्टिकर. ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते तेव्हा बॉनेट उघडं टाकून ऐटीत उभा राहतो. जाणकार वाकून बघतात, माना डोलावतात. शंका येऊन कुणी सुई घालून मोजायला आलाच तर खुशाल येऊ दे. 3.48 च भरेल.