मधली फट

वसईकडच्या वटार गावच्या वाड्यांमध्ये दोन घरं भिंतीला भिंत लावून सहसा उभी राहत नाहीत. मध्ये कुंपण असतं, केळीची एखादी रांग असते, आणि सगळा व्यवहार त्या फटीतून चालतो. “काकी, दोन पाकळ्या लसूण असेल का?” एवढाच निरोप इकडून जातो, पलीकडून लसूण येतो, वर मूठभर मिरच्या आणि थोरल्या सुनेची बातमी. काय द्यायचं, किती द्यायचं आणि काय पदराआड ठेवायचं, हे ठरवायला कुंपणापाशी जरा सवड मिळते. आपल्या मेंदूनेही पेशीपेशींमध्ये अशी सवड राखली आहे, हे कळलं तेव्हा डोक्याविषयी मला प्रथमच आपुलकी वाटली.

इटलीच्या कामिल्लो गॉल्जींना ही फट मंजूर नव्हती. मेंदू म्हणजे एक अखंड जाळं, असं त्यांचं म्हणणं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच पेशी रंगवण्याची पद्धत वापरली आणि सांगितलं, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. १९०६ साली नोबेल दोघांना विभागून मिळालं. गॉल्जींनी नोबेलच्या भाषणातही काहालांच्या बाजूचाच सिद्धांत खोडून काढायचा प्रयत्न केला. पेशींमधली फट न मानणाऱ्याने माणसांमधली फट मात्र भर सभेत दाखवून दिली.

एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी ही फट; या सांध्याचं नाव सिनॅप्स. विजेचा संदेश बहुधा तिच्या अलीकडेच थांबतो. मग कॅल्शियम आत शिरतं, इवल्या पिशव्या फुटतात, रसायन पलीकडच्या दारांवर जाऊन बसतं, आणि शेजारची पेशी एक तर जागी होते किंवा गप्प बसते. अर्ध्या मिलिसेकंदाचं काम.

निरोप पलीकडे नेतं ते रसायनच आहे, याचा पुरावा शास्त्रज्ञ ऑटो लोवींना स्वप्नात सुचला, तोही ईस्टरच्या आदल्या रात्री. त्या रात्री आमच्याकडे ख्रिस्ती लोक मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जागतात. लोवी झोपेतून उठले, चिठोऱ्यावर काही खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचं अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. नस डिवचून मंदावलेल्या बेडकाच्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. त्या बिचाऱ्याला तर कोणी डिवचलंही नव्हतं.

खाली महाडकडे या फटीने माणसं वाचवली. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावून गंभीर झालेल्या शंभरांतले चाळीसेक रुग्ण दगावत. त्या विषाने नसांची टोकं रसायन ओतत सुटतात. हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी दिली. ती पलीकडच्या दारांवर आधीच जाऊन बसते. निरोप येतो, त्याला दार मिळत नाही. मृत्यूचं प्रमाण टक्का-दोन टक्क्यांवर आलं. गॉल्जी म्हणत तसं सगळं अखंड असतं, तर त्या गोळीला बसायला जागाच नव्हती.