साहेब, नांदूरघाटला शाखा काढू नका

मा. सीईओ साहेब,
काचेची केबिन, एकविसावा मजला, माझ्या मोबाईलमधली कादंबरी यांस,



कालच्या भागात तुम्ही नायिकेची रजा नामंजूर केलीत आणि रात्री स्वतःच गाडी काढून तिला महाबळेश्वरला घेऊन गेलात. ते वाचून मी पतसंस्थेच्या काउंटरवर एकटीच हसले. समोर पासबुक भरून घ्यायला उभ्या आजींना वाटलं, त्यांच्या शिलकीला हसले.

तुमची चटक लागलीय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण लेखिकाबाई आता तुम्हाला 'ग्रामीण भागात शाखा' काढायला लावणार असं दिसतंय, म्हणून हा पत्रप्रपंच. केज तालुक्यात, त्यातही नांदूरघाटला, कृपा करून येऊ नका.

इथं तुम्हाला 'सर' म्हणणारं कुणी भेटणार नाही. आमच्या शाखाधिकाऱ्यांना मी दादा म्हणते, कारण ते माझ्या चुलतजावेचे भाऊ. शिपाई त्यांना मामा म्हणतो. त्यांची नजर गहिरी होते ती फक्त नेटवर्क गेल्यावर. तुमच्याकडे फाईल पडते आणि हाताला हात लागतो. आमच्याकडे व्हाउचर पडलं की शिपाई पायानं सरकवतो.

मालक म्हणावा तर आमच्या भागात ऊसतोडीचा मुकादम. त्याची उचल आधी घ्यायची, मग दसरा-दिवाळी झाली की फडावर जाऊन ती फेडायची. नवराबायको मिळून हिशेबात एकच कोयता. एकाच कामावर दिवसरात्र सोबत असणारी एवढी जोडपी तुमच्या एकवीस मजल्यांत मिळायची नाहीत. त्यांच्यावर कुणी प्रेमकथा लिहीत नाही. मोळी बांधताना तिच्या गालावरची बट मागं सारायला हात मोकळा कुणाचा असतो? आणि तुम्ही रुसवा काढायला देता तशी पगारवाढही त्यांना नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो आंदोलन आणि बैठका झाल्यावर.

तुमच्या वाणाचे साहेब आम्ही टीव्हीवरही पाहिलेत. 2018 मध्ये 'तुला पाहते रे'तल्या विक्रांत सरंजामेवर आमची आळी जीव टाकत होती. तो कपटी निघाला, तेव्हा आमच्या जाऊबाईंनी दोन दिवस टीव्ही लावला नाही. पुढं 'माझी तुझी रेशीमगाठ'मधल्या यशनं साहेबलोकांची अब्रू थोडी सावरली.

आणखी एक. दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की 2013 च्या कायद्यानं कार्यालयात तक्रार समिती लागते. तुमच्याकडे तर हजारभर माणसं. पण इतके भाग झाले, त्या समितीची एक बाई चहा प्यायलासुद्धा कथानकात आली नाही. खऱ्या साहेबानं रात्री दहाला 'केबिनमध्ये ये' असा मेसेज टाकला असता, तर मी आधी दादांना सांगितलं असतं, मग बीडच्या स्थानिक समितीकडे अर्ज दिला असता. तुम्ही टाकता तेव्हा मी उशी नीट करून पुढचं पान सरकवते. तुम्ही खरे नाही, ही तुमची सगळ्यात मोठी लायकी.

असलं वाचते म्हणून आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी नाक मुरडतात. त्यांना मी लेखक चंद्रकांत काकोडकरांची आठवण करून दिली. 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. गुरुजींनी विचारलं, "तो अंक कुठं मिळेल?"

तर शाखेचं तेवढं रद्द करा. पुढच्या भागात तुमची लिफ्ट बंद पडणार आहे म्हणे. ती मात्र पडू द्या. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, हे मोटार चालू करायला शेतात गेले की मी तुम्हाला उघडते. फक्त उशीर करू नका, सोमवारपासून लाईट दिवसाची आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक