भाऊसाहेबांबरोबर वेताळ टेकडी

आमच्या कुत्र्याचं नाव भाऊसाहेब. ठेवलं तेव्हा गंमत वाटली होती. आता घरात कुणालाच त्यांना अरे-तुरे करवत नाही. उन्हाळ्यात त्यांची स्वारी पहाटेच दाराशी हजर, कारण ऊन चढल्यावर डांबरी रस्त्याने पंजे पोळतात. मग आम्ही वेताळ टेकडीकडे निघतो. पट्ट्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला गळ्यात दुर्बीण अडकवलेला मी.

पक्षी बघायचे तर थांबायला शिका, असं जाणकार सांगतात. आमच्यात कुठे थांबायचं हे भाऊसाहेब ठरवतात, आणि त्यांचा सगळा ओढा विजेच्या खांबांकडे. त्यामुळे मी तारांवरच्या पक्ष्यांचा तज्ज्ञ झालोय. वेडा राघू हवेतून मधमाशी टिपतो आणि तारेवर आपटून-आपटून तिची नांगी काढतो, मगच गिळतो. एवढं वेड कुणाला परवडतं!

पहिलं संकट मात्र सोसायटीच्या फाटकातच असतं. तिथल्या झाडावर कावळ्यांचं घरटं आहे आणि मे महिन्यात त्यांच्या लेखी खालून जाणारा प्रत्येक जण अंडीचोर. खरी लबाडी शेजारच्या आंब्यात चाललेली असते. काळा कुळकुळीत कोकीळ कावळ्यांना मागे लावून लांब पळवतो, तेवढ्यात ठिपकेवाली मादी त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी. कावळे परततात ते कुणावर तरी राग काढायलाच. तिसऱ्या मजल्यावरचे काका रखरखीत उन्हाळ्यात छत्री उघडून दूध आणायला निघतात. त्यांना हसणारे दोघे हल्ली स्वतःच छत्री घेऊन दिसतात.

चढावर तांबट भेटतो, म्हणजे ऐकू येतो. टुक-टुक-टुक. ऊन जितकं वाढेल तितका याचा उत्साह वाढतो. गडी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघडा बसलेला असतो, तरी सापडत नाही. कारण आवाज काढताना तो मान इकडून तिकडे फिरवतो आणि आपण दर वेळी भलतंच झाड न्याहाळतो. चोच मिटलेलीच, फक्त गळा फुगतो. पलीकडून पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून गळा काढतो. कोथरूडच्या दिशेने तोंड करून हे सांगण्यात काय अर्थ आहे? पेरायची जमीन केव्हाच बिल्डरकडे गेली.

खाणीजवळच्या माळावर टिटवीचं राज्य. तिचं घरटं म्हणजे जमिनीवरचा खळगा आणि त्यात खड्यांसारखीच दिसणारी ठिपकेदार अंडी. म्हणून इथे पट्टा आखूड धरायचा. परवा ती खाणीच्या पाण्यात पोट भिजवून आली, अंड्यांपाशी थबकली आणि ओलं पोट टेकून बसली. अंड्यांना गारवा मिळावा म्हणून ही सगळी खटपट. भाऊसाहेबांनी कुतूहलाने एक पाऊल पुढे टाकलं मात्र, बाई किंचाळत थेट डोक्यावरून गेल्या. कचरागाडीवर रोज गुरगुरणारे भाऊसाहेब मुकाट माझ्या पायांत येऊन बसले.

उतरताना पायवाटेवर एक गृहस्थ भेटले. हातभर लांबीची लेन्स तिकाटण्यावर रोखून, दगडासारखे निश्चल. वळवाच्या पावसाच्या सुमाराला इकडे नवरंग येतो, झुडपाखालचा पालापाचोळा उचकटत किडे शोधतो, त्याच्यासाठी ते उजाडल्यापासून उभे होते. मी कुजबुजत विचारलं, ‘‘दिसला का?’’ त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. भाऊसाहेबांनी ते बोट पाहिलं नसावं. पट्टा ताणून त्यांनी थेट त्याच झुडपात नाक खुपसलं आणि हिरवं, निळं, लाल असं काहीतरी फडफडत दरीत उतरलं.

लेन्स अजून झुडपावरच होती.

‘‘कुत्रा तुमचा का?’’ गृहस्थांनी दात आवळून विचारलं.

भाऊसाहेब तोवर तिकाटण्याचा एक पाय हुंगून दुसऱ्याकडे वळले होते.

‘‘नाही हो,’’ मी म्हणालो, ‘‘मीच यांच्याबरोबर आलोय.’’