राहू दे गं, लेकरू आहे!

भाच्याने आपल्या घरात काही फोडलं की मामाने काय म्हणायचं हे ठरलेलं असतं : "राहू दे गं, लेकरू आहे!" हे वाक्य मी फार सुंदर म्हणतो. चेहऱ्यावर औदार्य, आवाजात किंचित हसू. खरं तर ते भाऊजींचा हात खिशाकडे वळायच्या आत म्हणायचं असतं. पण त्यांचा हात कधी वळतच नाही, त्यामुळे मला घाई करावी लागत नाही.

परवा बहीण-भाऊजी एका लग्नाला गेले आणि चिरंजिवांना आईच्या हवाली करून गेले. चिरंजिवांनी दिवाणखान्यात षटकार मारला. शोकेसमधली काचेची बरणी गेली.

ही बरणी साधी नव्हती. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आमची बरणी तिथलीच, असं आजोबा सांगत. बरणीवर तसा शिक्का नव्हता, पण तो पुसला गेला असं मी पाहुण्यांना सांगत असे. (काचेतला शिक्का पुसला कसा जातो, हे एकाही पाहुण्याने विचारलं नाही. त्यांचं लक्ष चहाकडे.) म्हणजे बघा, ज्या काचेसाठी गावोगावच्या माणसांनी पदरचा पैसा काढला, तिच्यासाठी आमच्या भाऊजींना तोंडदेखलं "किती झाले?" एवढंही विचारवेना!

वकील मित्राकडे गाऱ्हाणं नेलं. तो म्हणाला, सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हा नाही. पूर्वी दंडविधानाचं कलम ८२ होतं, आता न्याय संहितेचं कलम २० आहे. कायदा बदलला, पोरं सुटलेलीच.

आता उलट बाजू. गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने त्यांच्याकडे टीव्हीवर खेळण्यातला ट्रक फेकला. पॅनलचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. मी म्हणालो, "मी देतो." भाऊजी म्हणाले, "राहू द्या हो." मी रीतीप्रमाणे पुन्हा आग्रह केला. यावर त्यांनी पुन्हा नको म्हणायचं, अशी रीत आहे. त्यांनी मोबाइलवर क्यूआर कोड उघडला.

आणि या सगळ्यात आई. दोन्ही घरची नातवंडं तीच सांभाळते, गुडघे धरून त्यांच्यामागे पळते. आमच्या दोन्ही घरांची पाळणाघराची फी वाचते, त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही, पण काही फुटलं की पहिला प्रश्न तिलाच : "तुझं लक्ष कुठे होतं?" परवा बहीण फोनवर म्हणाली. मी म्हणालो नाही, नुसतं मनात म्हटलं.

काचा वेचायला आई खाली बसली, तेव्हा तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली दिसली. "मीच बसले त्याच्यावर," ती म्हणाली. शेजारून भाचा म्हणाला, "नाही, मी बसलो." आईने त्याला डोळ्यांनी दटावलं. किती दिवस ती तसाच बांधून वापरत होती कोण जाणे. आमच्यापैकी कोणाचं लक्ष कुठे होतं, हे तिने कधी विचारलं नाही.

"नव्या चष्म्याचे पैसे मी देतो," मी म्हणालो आणि सवयीने "राहू दे रे"ची वाट पाहत थांबलो.

आईने हात पुढे केला. म्हणाली, "नंबरही बदललाय. काचांचे वेगळे दे."