कोलकात्यात मायनर कसा घ्यावा

मेजर विषय कोणता, हे सगळे विचारतात. मायनर कोणता, हे फक्त ऑफिसातला कारकून विचारतो, तोही रकाना रिकामा राहिला म्हणून. मायनरचं खरं सुख इथेच आहे. म्हणून इस्लामी, ज्यू आणि प्राचीन संस्कृती शिकायची हौस असेल तर ती या रकान्यातून भागवावी.

आधी घरचा प्रश्न. नागपूरला किंवा साताऱ्याला फोनवर विषयाचं पूर्ण नाव सांगू नये. ‘यूपीएससीला उपयोगी पडतो’ एवढं पुरतं. बाबा खोलात शिरलेच, तर भांडारकर काढावेत. रामकृष्ण गोपाळांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृतीचे कारमायकेल प्राध्यापक झाले आणि १९३६ पर्यंत तिथेच शिकवत राहिले. पुण्यात वडिलांच्या नावाची संस्था निघाली तीही १९१७ सालीच, म्हणजे मुलगा निघाला होता कलकत्त्याला! हे ऐकल्यावर बाबा सहसा हॉस्टेलच्या फीकडे वळतात.

दुसरी अडचण तुमचं आडनाव. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गोड हसून ‘बर्गी’ म्हणेल. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी १७४० च्या दशकात बंगालची जी दशा केली, ती इथे अजून अंगाईगीतात आहे. त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणायला घेतला, तो अर्धवट राहिला आणि मराठे काही तिथवर पोहोचलेच नाहीत. वाद घालू नका. गंगाराम नावाच्या कवीचं ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचं बंगाली काव्य आहे, ते वाचा. फक्त नावावरून आपलं कौतुक असेल अशा भ्रमात राहू नका, विषय त्याच स्वाऱ्यांचा आहे. फारच अंगावर आलं तर सखाराम गणेश देउस्करांचं नाव घ्यावं. या मराठी माणसाने १९०४ साली बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिलं, आणि इंग्रजांनी पुढे त्यावर बंदी घातली. देउस्करांपुढे बंगाली मित्र चहा मागवतो.

आता अभ्यास. प्राचीन इतिहास आणि इस्लामी इतिहास यांचे विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहेत, ज्यूंचा नाही. ज्यू शिकायचे तर कॅनिंग स्ट्रीटवर जावं लागतं. मराठी विद्यार्थ्याला वाटतं, ज्यू आपल्याला ठाऊक आहेत: कोकणातले शनिवार तेली, घरात मराठी बोलणारे, कीर्तन करणारे बेने इस्रायल. कोलकात्याचे ज्यू ते नव्हेत. हे बगदादी, म्हणजे पश्चिम आशियातून आलेले. त्यांतले पहिले शालोम कोहेन अलेप्पोहून निघून सुरतमार्गे १७९८ मध्ये इथे आले. पुढे नीळ, अफू, रेशीम, जमीनजुमला असा व्यापार वाढला, आणि १८५६ मध्ये बेथ एल, १८८४ मध्ये मागेन डेव्हिड ही सिनेगॉग उभी राहिली. मागेन डेव्हिडला मनोरा आहे. नवशिके त्याला चर्च समजून पुढे जातात आणि शेजारच्या पोर्तुगीज चर्चच्या दारात सिनेगॉगचा पत्ता विचारतात.

दार उघडणारा रखवालदार मुसलमान असतो. त्याला ‘हे कसं काय?’ असं विचारू नका. तुमच्याआधी प्रत्येक पत्रकाराने विचारलंय. त्यापेक्षा पार्क स्ट्रीटवरच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलपाशी शाळा सुटताना उभं राहा. तिथल्या बहुतेक मुली मुसलमान आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला शहरात काही हजार ज्यू होते, आज पंचवीससुद्धा नाहीत. मुलीच नाहीत तर शाळा चालवायची कुणासाठी, याचं उत्तर त्यांनी परिषद न भरवता दिलं. पूर्वी सिनेगॉग पाहायची परवानगी न्यू मार्केटमधल्या नाहूमच्या बेकरीतून मिळायची. हे दुकान १९०२ सालचं. नाताळात फ्रूट केकसाठी इथे जी रांग लागते तिच्यात ज्यू सोडून सगळे असतात. रांगेत उभं राहणं हे माझ्या मते निम्म्या पेपरइतकं आहे.

इस्लामी भागात एकच धोका: बिर्याणी. वाजिद अली शाह १८५६ मध्ये अवध गमावून कोलकात्याच्या मटियाबुर्जला आले आणि बिर्याणीत बटाटा पडला, यावर दरवर्षी इतके प्रकल्प येतात की प्राध्यापक बटाटा दिसताच गुण कापतात. वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये मदरसा का काढला, ते लिहा. कंपनीला कोर्टकचेऱ्यांसाठी फारसी आणि इस्लामी कायदा जाणणारी माणसं हवी होती. आजचं आलिया विद्यापीठ त्याच मदरशाचा वारसा सांगतं.

प्राचीनासाठी लांब जायला नको. पार्क स्ट्रीटच्या तोंडाशी १७८४ सालची एशियाटिक सोसायटी आहे, आणि तिथे राजस्थानातल्या बैराटहून आणलेला अशोकाचा शिलालेख आहे. त्यात सम्राट भिक्षूंना, भिक्षुणींना आणि उपासकांना सात धर्मग्रंथांची नावं सांगून ते पुन्हा पुन्हा ऐकायला सांगतो. म्हणजे हा आपल्याकडचा फार जुना अभ्यासक्रम, तोही फक्त सात पुस्तकांचा आणि अंतर्गत गुणांशिवाय. ब्राह्मी आधी शिकून जा. देवनागरी येणाऱ्याला ती पंधरवड्यात जमते, आणि मेजरवाल्यांपैकी फार थोड्यांना येते.

वेळापत्रक मात्र नीट बसवा. शुक्रवारी दुपारी नाखोदा मशिदीत जुम्म्याची गर्दी, शनिवारी ज्यूंचा शब्बाथ. सोमवारी लेक्चर नाही म्हणून भारहूतचे कठडे आणि इजिप्तची ममी पाहायला निघू नका. भारतीय संग्रहालय सोमवारी बंद असतं.