निळं आमचं, गुलाबी जावेचं

आमच्या कोयनानगरात माणसं आकड्यांत बोलतात. पावसाळ्यात सकाळी भेटलं की 'काय, बरं आहे ना?' असं कोणी विचारत नाही. 'रात्रीत किती झाला?' असं विचारतात, आणि समोरचा 'एकशे चाळीस' एवढंच सांगून दूध आणायला निघून जातो. ते मिलिमीटर असतात. मग नवज्याचा आकडा, महाबळेश्वरचा आकडा, आणि नवज्यानं महाबळेश्वरला मागं टाकलं असेल तर आमच्या चेहऱ्यावर उगीच तेज. धरण 105 टीएमसीचं, त्यातलं आज किती भरलं, वक्र दरवाजे किती फुटांवर, विसर्ग किती क्युसेक. रात्री मांडणीतली भांडी वाजली तर रिश्टर. 11 डिसेंबर 1967 ची पहाट पाहिलेली माणसं अजून आहेत आणि त्यांच्यापुढे या विषयावर चेष्टा चालत नाही. पण नंतर जन्मलेले लोक तीनच्या खालच्या धक्क्याला कूससुद्धा बदलत नाहीत.

अलीकडे या आकड्यांत एकाची भर पडली आहे. मातीचा पीएच. कारण आमच्या कॉलनीला हायड्रेंजियाचं वेड लागलंय.

ज्यांनी हे फूल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कमरेइतकं झुडूप, रुंद पानं, कडेनं कातरलेली, आणि फांदीच्या शेंड्याला लहान कोबीएवढा फुलांचा गेंद. मे संपत आला की हिरवट पांढरा असतो, दोन-तीन वळीव झाले की रंग धरायला लागतो आणि मृगात निळा होतो. एक गेंद हातात घेऊन नीट पाहावा. ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं. खरं फूल त्यांच्या मधोमध मोहरीएवढं असतं आणि ते पाहायला मला चष्मा पुसावा लागतो. सगळा थाट बाहेरच्या आवरणाचा. त्यामुळे ते आमच्या कॉलनीत इतकं चांगलं का रुजलं याचं मला कधी नवल वाटलं नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या नर्सऱ्यांत ते पूर्वीपासून मिळतं. आमच्याकडे ते क्वार्टरबरोबर मिळतं. साहेबांची बदली झाली की टेम्पोत फ्रीज चढतो, कपाट चढतं, सायकल चढते. झाडं मागे राहतात आणि नव्या बिऱ्हाडाला आयती मिळतात. जाणाऱ्या बाई मात्र पदराआड चार फांद्या नेतातच. अशा रीतीनं आमच्या फांद्या पोफळीला गेल्या, अलोऱ्याला गेल्या आणि तिथल्या कोकणच्या पावसात मजेत आहेत. उजनीला गेल्या त्या मात्र पिवळ्या पडून वारल्या. बदलीच्या ऑर्डरवर 'सोयीची' की 'गैरसोयीची' हे शेरे माणसांपेक्षा या झाडाला जास्त लागू पडतात.

कारण या झाडाचा रंग जातीवर नाही, मातीवर ठरतो. पांढऱ्या जाती तेवढ्या कुठेही पांढऱ्याच राहतात. बाकीच्यांचं असं की माती आंबट असली, म्हणजे पीएच साडेपाचाच्या खाली असला, तर मातीतलं अ‍ॅल्युमिनियम मुळांना घेता येतं आणि फूल निळं होतं. साडेसहाच्या वर गेला की तेच अ‍ॅल्युमिनियम मातीत अडकून बसतं आणि फूल गुलाबी. मधल्या मध्ये असेल तर जांभळट, काय म्हणावं ते कळत नाही असं. आमच्या डोंगरांवर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यानं युगानुयुगं खडकातला चुना आणि वाळूचा अंश धुऊन खाली नेला आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियम मागे ठेवलं. तोच आमचा जांभा, तीच आमची लाल माती. थोडक्यात, निळ्या फुलाची सगळी तयारी कोणी जन्माला यायच्या आधीच झाली होती. तरीही 'तुमच्या हाताला गुण आहे हो' असं कोणी म्हटलं की आम्ही मान खाली घालून ते स्वीकारतो. भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी आमच्या भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. पण वरच्या नऊ इंचांसाठी कॉलनीतल्या बायकाच समर्थ आहेत.

आमच्या कामाच्या मावशींना यातलं काही पटत नाही. त्या याला 'हायड्रोचं झाड' म्हणतात. 'वास न्हाई, फळ न्हाई, देवाला चालत न्हाई, शेरडाला घालू नका म्हंता. मग पोसायचं कशापायी?' एवढ्या चार वाक्यांत त्यांनी विषय संपवला. शेरडाचं खरं आहे, पानं विषारी असतात. देवाचं मात्र आता बदलतंय. पहाटे फिरायला निघून दुसऱ्याची जास्वंद तोडणारी मंडळी इतकी वर्षं हायड्रेंजियाला हात लावत नव्हती, कारण त्याला शास्त्राधार नव्हता. मग एका वर्षी कोणीतरी गौरीपुढे निळे गेंद मांडले, फारच शोभले, आणि तेव्हापासून आमच्या कुंपणाला काटेरी तार आहे.

आता जावेकडे येते. माझी धाकटी जाऊ सांगलीत असते. तिनं इथला निळा रंग पाहिला, फांदी नेली, जगवली, आणि पुढच्या वर्षी फोन केला. 'ताई, तुम्ही मला दुसरीच फांदी दिलीत. हे गुलाबी आलंय.'

मी तिला समजावून सांगितलं. कोयनेला काळा कातळ आणि सांगलीलाही काळा कातळच. पण सांगलीत वर्षभरात पडतो तेवढा पाऊस भर जुलैत नवज्याला एखाद्या आठवड्यात पडून जातो. त्यामुळे तुमच्याकडे चुना धुपून गेला नाही, माती काळी राहिली, कृष्णाकाठी तर उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झाली. त्यात ही झाडाला डीएपी घालते. सांगलीत उसाला जे लागतं ते जगातल्या प्रत्येक झाडाला लागतं अशी तिच्या सासरची, म्हणजे माझ्याही सासरची, श्रद्धा आहे. डीएपीतलं स्फुरद अ‍ॅल्युमिनियमला आणखीच बांधून टाकतं. मग निळं येणार कसं?

सांगलीकरही आकड्यांत बोलतात, फक्त फुटांत. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 च्या वर गेलं तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात कृष्णामाई ओट्यापर्यंत आली होती. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिथून सांगलीला जाते, हा भूगोल तिला पाठ आहे. माझं सगळं व्याख्यान ऐकून घेऊन ती म्हणाली, 'ताई, पाणी तुम्ही न मागता पाठवता, तेही अगदी घरात. एक निळं फूल मागितलं, तर त्याला लगेच माती आडवी आली!'

यावर काय बोलणार? मी मातीचं पोतं पाठवायचं कबूल केलं.

पोतं एसटीत चढवताना कंडक्टरनं विचारलं, 'काय आहे यात?'

'माती.'

'कुठं चाललीय?'

'सांगलीला.'

त्यानं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, 'आबा, पाय घ्या आत. सांगलीतली माती संपलीय.'

त्या मातीत, कुंडीत, पहिल्या वर्षी फूल निळं आलं. घराण्यात शांतता नांदली. दुसऱ्या वर्षी बोअरचं पाणी आणि लपूनछपून घातलेला डीएपी यांनी आपलं काम केलं आणि वांगी रंग आला. सध्या ती बादलीभर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून पंधरवड्यानं घालते. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं, तेव्हा उपाय रास्त आहे. कुंडीत गंजके खिळे पुरायचा सल्लाही तिला कोणीतरी दिला. त्यात रंगाचं काही साधत नाही, पण कुंडी उलटी करताना धनुर्वाताच्या इंजेक्शनाची सोय ठेवावी लागते.

इकडे कॉलनीत भलताच प्रकार सुरू झाला. सगळ्यांकडे निळं, तेव्हा निळ्याचं कौतुक कोण कोणाला करणार? जावेनं पाठवलेला गुलाबी फुलाचा फोटो मी सहज पलीकडच्या काकूंना दाखवला, आणि आठवड्याभरात पानाचा चुना दुकानातून गायब झाला. काकूंच्या घरी पान कोणी खात नाही. आमच्याच क्वार्टरमागे एक झुडूप भिंतीला चिकटून आहे. सिमेंटच्या गिलाव्यातून पावसाबरोबर चुना झिरपतो, त्यामुळे त्याचे भिंतीकडचे गेंद गुलाबी झाक मारतात आणि अंगणाकडचे निळे. हे झाड पाहायला माणसं येतात. एका निवृत्त ओव्हरसियर साहेबांनी तर हिशेब मांडला की सगळ्यात गुलाबी फूल खुद्द धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी येईल. एवढं काँक्रीट दुसरीकडे कुठे मिळणार? फक्त तिथे कुंडी घेऊन जाऊ देतील का, एवढीच त्यांची शंका आहे.

हे फूल मूळचं जपानचं. तिथंही ते जूनच्या पावसात फुलतं आणि कामाकुराच्या मेइगेत्सु-इन देवळात ते पाहायला रांगा लागतात. 1823 मध्ये झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर नागासाकीच्या डच वखारीवर आला. त्यानं तिथल्या आपल्या सहचरीचं, ओताकीचं, नाव या फुलाच्या एका प्रकाराला दिलं. पुढे देशाचे नकाशे जवळ बाळगल्यावरून 1829 मध्ये त्याला हद्दपार केलं. ती आणि मुलगी मागे राहिल्या. आज हायड्रेंजिया हे नागासाकी शहराचं फूल आहे. ही हकीकत मी आमच्या ह्यांना मोठ्या आशेनं सांगितली. त्यांनी विचारलं, 'त्या नावाचं पुढे काय झालं?' मी म्हटलं, 'शास्त्रात टिकलं नाही, आधीचं नाव होतं म्हणून.' 'बघ!' म्हणाले, आणि पेपरातला धरणाचा आकडा वाचायला लागले.

ह्यांचा बागेशी संबंध कात्रीपुरता. एका दिवाळीनंतर, मी माहेरी गेलेली पाहून, त्यांनी सगळी झुडपं वीतभर ठेवून भादरली. गुलाबाला चालतं ते. याच्या पुढच्या सालच्या कळ्या मात्र आदल्या पावसाळ्यानंतरच जुन्या फांद्यांच्या शेंड्यात बसलेल्या असतात. फूल वाळलं की लगेच, तेही फक्त गेंदाखालच्या पहिल्या दोन डोळ्यांपर्यंत कापावं. थंडीत हात लावू नये. त्या वर्षी आमच्याकडे नुसती पानं. पण पानं इतकी तुकतुकीत आली की हे पाहुण्यांना तीच दाखवत होते.

फांद्या वाटण्यात आमची दानत किती, हा वेगळा प्रश्न. मला विचाराल तर त्यात प्रचार जास्त असतो. आपल्या फांदीनं दुसऱ्याकडे मूळ धरावं हे मनापासून वाटतं. रंग मात्र आपल्यापेक्षा जरा फिका यावा, एवढंच. म्हणून फांदी देताना आम्ही सगळं सांगतो. फूल न आलेली, ना कोवळी ना जून अशी फांदी, दोन-तीन पेरांची. खालची पानं काढायची, वरची अर्धी कापायची, लाल माती आणि वाळू निम्मी-निम्मी, सावलीत ठेवायचं. पाणी द्यायची इथे गरज नाही, थांबवायची सोय करायची. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचायच्या. सकाळचं ऊन, दुपारची सावली, तळाशी पालापाचोळा. बाकी जे करते ते माती.

तेव्हा ज्यांना फांद्या हव्यात त्यांनी जुलै-ऑगस्टात या. चिपळूणकडून याल तर कुंभार्ली घाट सुरू आहे का ते आधी विचारा. फांद्यांसाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या आपापल्या आणा, कॉलनीत आता त्या मिळत नाहीत. रंगाची हमी कोणी मागू नये. आणि माती तर मुळीच मागू नये. कंडक्टरनं मला ओळखून ठेवलंय.